जवाला रविवार नसतो

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक लांबलचक खोली मनात आणा. छत इतकं खाली की उंच माणसाला मान वाकवूनच चालावं लागतं. दोन्ही अंगांना बुटक्या खिडक्या, खाली गार दगडी फरशी, आणि त्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेले ओले जव. आता त्यांत हात खुपसा. वर गार लागेल. पण थोडं आत गेलात की बोटांना ऊब जाणवेल, झोपलेल्या मांजराच्या पोटाशी असते तशी. कारण ते जव जिवंत आहेत.

तुमच्या घरी मटकीला मोड आणतात ना? इथेही तेच चाललंय, फक्त खोलीभर. जवांना पाणी पाजून फसवायचं की वसंत आलाय, उठा. ते बिचारे विश्वास ठेवतात, मुळं फोडतात, पोटात गोडवा साठवतात. कोंब बाहेर डोकावणार तेवढ्यात त्यांना पीटच्या धुरावर वाळवायचं. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती, वाळली की लाकडासारखी जळते. मग त्या गोडव्याची व्हिस्की होते. तुम्ही ती प्यायची नाही, पण तिची गोष्ट ऐकायला काही हरकत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. हे जव दर काही तासांनी लाकडी फावड्याने खालवर करावे लागतात. नाही केले तर मुळं एकमेकांत गुंततात, खालची ऊब खालीच कोंडते, आणि सगळ्या जवांची मिळून एक जाड घोंगडी होते. मग तिचा उपयोग फक्त गुरांना.

डोळे उघडलेत तरी चालेल. ही खोली सुलवे बेटावरच्या आर्डवागच्या भट्टीत होती आणि तिचा मुख्य माणूस होता टॉर्किल मॅकअस्किल. त्याची मुलगी मार्सली तेव्हा दहा वर्षांची होती. शाळा सुटली की ती बापासाठी चहाची किटली घेऊन तिथे जायची आणि चपला काढून जवांच्या कडेला बसायची. ओल्या जवांना काकडीसारखा वास येतो. मार्सलीच्या फ्रॉकला, केसांना तो कायम असायचा. शाळेतली मुलं तिला काकडी म्हणायची.

आर्डवाग जुनी भट्टी. मार्सलीचा एक पूर्वज तिथल्या गुहेत चोरून दारू गाळायचा. त्याला पकडायला सरकारने एक अधिकारी धाडला. तो आला, चव बघायला म्हणून बसला, आणि उठला तो जावई होऊनच. सासऱ्या-जावयांनी मिळून भट्टीच्या भिंती उभ्या केल्या. सुलवेचे लोक म्हणत की बेटावर देवळं दोन, एक चर्च आणि एक आर्डवाग, आणि गळकं छप्पर मात्र फक्त चर्चचं.

हसायचे ते असं, पण रविवार आला की हसणं बंद. रविवारी सुलवेवर काम करायचं नाही. शनिवारीच पाणी भरून ठेवायचं, बटाटे सोलून ठेवायचे, मुलांचा झोपाळा खांबाला बांधून टाकायचा. कोंबड्यालासुद्धा टोपलीखाली घालायचे, उगीच देवाच्या दिवशी कोंबड्यांमागे धावायला नको म्हणून. गाईचं दूध तेवढं काढायचं, कारण कास तटतटली की गाईला दुखतं आणि मुक्या जनावरावर दया करायला देवाची ना नाही.

आणि जव? जव रविवारीही वाढतच असतात की!

त्यासाठी रुअरी होता. रुअरी दक्षिणेकडच्या बेटावरचा, कॅथलिक. त्याच्याकडे सकाळची प्रार्थना आटोपली की माणूस मोकळा. तरुणपणी तो आर्डवागला आला आणि तिथेच म्हातारा झाला. दर रविवारी तो एकटा फरशीवर जायचा आणि जव उलथायचा. कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. चर्चला जाताना लोकांना फावड्याची खरखर स्पष्ट ऐकू यायची. मग एखादा म्हातारा छडी टेकवत म्हणायचा, "वारा सुटलाय आज." झाडाचं पान हलत नसलं तरी सगळे माना डोलवायचे. "सुटलाय खरा."

"रुअरीकाका, तुमचा देव रागवत नाही?" मार्सलीने एकदा त्याला विचारलं होतं.

"माझा देव जेवून लवंडतो गं दुपारचा. आणि जवाला कुठे असतो रविवार? त्यांना कुणी सांगितलंय का, आज वाढू नका म्हणून?"

"मग तुम्हाला पाप लागत असेल."

"लागू दे. तुमच्या अख्ख्या बेटाचं पाप मी एकटा खातो. म्हणून तर पोट सुटलंय."

टॉर्किलही तेव्हा हसायचा. रविवारी संध्याकाळी तो काही न बोलता रुअरीच्या दारात वाटीभर लोणी ठेवून यायचा. कशाबद्दल, ते दोघांना ठाऊक होतं.

हे सगळं बदललं ते आयव्हरमुळे. आयव्हर मार्सलीचा मोठा भाऊ. मागल्या शरदात त्याने मित्रांबरोबर मासेमारीची होडी घेतली होती. एका रविवारी संध्याकाळी समुद्र शांत होता, आणि सोमवारी हवा बिघडणार असं जो तो म्हणत होता. पोरांनी विचार केला, सोमवार उजाडायची वाट कशाला बघा? टॉर्किल धक्क्यावर धावत गेला.

"अरे, आजचा दिवस सरू द्या! आयव्हर, ऐकतोस का?"

होडी सुटली होती. आयव्हर वळून हसला. "बाबा, मासे कुठे जातात चर्चला?"

हवा सोमवारची वाट बघत बसली नाही. होडीच्या दोन फळ्या किनाऱ्याला लागल्या. पोरं लागली नाहीत.

पुरायला काही नव्हतं, तरी घरात लोक जमले. भट्टीच्या व्यवस्थापकाने, पेटिग्रूसाहेबांनी, गोदामातून व्हिस्की पाठवली. आयव्हर जन्मला त्या वर्षी पिंपात भरलेली. आर्डवागमध्ये तशी रीत होती, माणूस गेला की त्याच्या वयाची व्हिस्की. एरवी म्हाताऱ्यांसाठी गडद, जुनी, तोंडात रेंगाळणारी निघायची. त्या दिवशी पेल्यांत ओतली ती कोवळ्या गवताच्या रंगाची होती, आणि ती बघूनच बायका रडायला लागल्या.

टॉर्किलने घोट घेतला. तो त्याने जिभेवर घोळवला. मग म्हणाला, "आधी धूर. मग खारं पाणी. आणि शेवटी सफरचंदाची गोडी. ही माझ्या फरशीची गोडी आहे. माझ्या हातचे जव आहेत हे."

रुअरी चुलीशी बसून मुसमुसत होता. तो म्हणाला, "तुझ्या हातचे कुठले? तू तेव्हा बायकोच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत होतास. पोरगं व्हायचं होतं. रविवार होता तो, विसरलास? ते जव मी उलथले. म्हटलं, माझा टॉर्किल बाप होतोय, आज असे उलथीन की..."

त्याने ते मायेपोटी सांगितलं होतं. पण टॉर्किलने पेला खाली ठेवला, आणि मार्सलीने बघितलं की त्याचा चेहरा राखेसारखा झालाय. आयव्हरच्या जन्मालाच रविवारचं पाप चिकटलं होतं, आणि ते आपण वर्षानुवर्षं गिळत आलो, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं.

आठवडाभरात त्याने रुअरीला गाठलं. मार्सली किटली घेऊन तिथेच उभी होती.

"यापुढे माझ्या फरशीवर रविवारी फावडं उचलायचं नाही. तू नाही, कुणीच नाही."

रुअरीने हातातलं फावडं खाली ठेवलं. "म्हणजे माझ्या फावड्याने बुडवलं पोराला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणालास, टॉर्किल. फक्त तोंडाने नाही म्हणालास."

पुढच्या टपालबोटीने रुअरी आपल्या बेटावर परत गेला. आयव्हरला त्यानेच पोहायला शिकवलं होतं. त्याला निरोप द्यायला धक्क्यावर मार्सली आणि तिची आई दोलिना, दोघीच होत्या.

हिवाळाभर काही बिघडलं नाही. थंडीत जव सुस्त असतात. शनिवारी सूर्य मावळायच्या आत टॉर्किल ते पातळ पसरायचा, उत्तरेच्या खिडक्या उघडायचा, आणि सोमवारपर्यंत ते कसेबसे तग धरायचे. पण थंडी सरली आणि एका सोमवारी त्याने फावडं घातलं तर अर्ध्या फरशीवरचे जव एका तुकड्यात उचलून आले. खाली बुरशीचा निळा थर होता. चार माणसांनी ती घोंगडी गुंडाळून गाडीत घातली आणि गुरांपुढे नेऊन टाकली. टॉर्किल गाडीमागून चालत गेला, प्रेतामागून चालतात तसा.

पेटिग्रूसाहेब फरशीवर आले. ते मुख्य भूमीवरचे, तसे वाईट नव्हते.

"टॉर्किल, मालकांचं म्हणणं स्पष्ट आहे. आणखी एकदा असं झालं की ही फरशी बंद. तिकडे यंत्रात मोड आणतात आता. मोड आणून वाळवलेलं तयार मॉल्ट बोटीने येईल."

"बोटीतून आलेल्या मॉल्टची आर्डवाग होत नाही साहेब."

"लेबल तेच राहील."

"मग लोकांनी लेबल प्यायचं?"

"लोक लेबलच पितात रे बाबा! रविवारपुरता एक माणूस बघ. नाहीतर मी येतो, मी उलथतो."

"तुम्ही? फावड्याचं कुठलं टोक धरायचं ते तरी सांगा."

पेटिग्रू हसले नाहीत. "फरशी बंद झाली तर काय करशील? घर भट्टीचं आहे तुझं. ग्लासगोच्या गोदीत जाशील, या वयात?"

टॉर्किल वाकला, त्याने मूठभर जव उचलले आणि हुंगले. आयव्हर गेल्यापासून बाबा घरात कुणाशी धड बोलत नव्हता. जवांशी मात्र बोलायचा. "काय, थंडी वाजते? जरा सरका," असं हळू आवाजात. मार्सलीने ते ऐकलं होतं. तिला ग्लासगो म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. पण ही फरशी गेली तर बाबा कुणाशीच बोलणार नाही, एवढं तिला कळलं.

म्हणून पुढच्या रविवारी जेव्हा चर्चमधल्या मुलांच्या वर्गात पाद्रीबुवांनी प्रश्न टाकला, "देवाच्या दिवशी कोणती कामं चालतात?" तेव्हा हात आधी तिचाच वर गेला.

"अडीनडीची आणि दयेची."

"शाबास. उदाहरण?"

"गाईचं दूध काढणं. खड्ड्यात पडलेली मेंढी वर काढणं." मग हळूच, "आणि जव उलथणं."

मागे बाकावर वडीलधारी माणसं बसली होती. त्यांच्यात खसखस पिकली.

"ते कसं काय बाळ?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"जव जिवंत असतात. उलथले नाहीत तर गुदमरतात. मग दया नको का करायला?"

"त्या जवाची भाकरी होत असती तर विचार केला असता. त्याची होते व्हिस्की. आणि व्हिस्की कुणाची नड असते का, सांग बरं?"

मागून एक म्हातारा पुटपुटला, "माझी असते," आणि पुन्हा हशा झाला. टॉर्किल हसला नाही. घरी जाताना तो मार्सलीला एवढंच म्हणाला, "चारचौघांत माझ्यासाठी भीक मागू नकोस, पोरी." त्या रात्री तिने उशीत तोंड खुपसून रडून घेतलं.

मे महिन्यात पुन्हा एक शनिवार आला. उत्तरेचा गार वारा होता. टॉर्किलने जव पातळ पसरले, उत्तरेच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, दक्षिणेच्या लावून घेतल्या. वारा टिकला असता तर सगळं निभावलं असतं. पण पहाटे वारा पडला, आणि लोक चर्चला निघाले तोवर दक्षिणेकडून दमट, गरम हवा यायला लागली. काळा कोट घातलेला टॉर्किल चालता चालता एकदाच थांबला. त्याने ओलं बोट हवेत धरलं. मग हात खिशात घातला आणि पुढे चालू लागला.

परतताना सगळं गाव भट्टीवरून आलं. वास रस्त्यापर्यंत पोचला होता. नुसता काकडीचा नाही. त्यात पिकून फुटायला आलेल्या फळाचा उग्र गोडपणा मिसळला होता. त्या गावात असं नाक एकही नव्हतं ज्याला तो वास कळला नाही. कुणी खोकलं, कुणी बाळाची टोपी सारखी केली. वारा सुटलाय असं म्हणायलाही निमित्त नव्हतं, कारण फावड्याचा आवाज नव्हता. फक्त बुटांचे आवाज होते.

घरी थंड मटण आणि कालचे बटाटे होते. टॉर्किलने घासही घेतला नाही. बायबल मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला, पण पान उलटेना. त्याचे हात मात्र स्वस्थ नव्हते. उजवा पुढे सरकायचा, डावा खाली दाबायचा, मग दोन्ही वळायचे. मार्सली बघत राहिली. बाबा बसल्या जागी जव उलथत होता. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दोलिनाने ताट उचललं. "टॉर्किल," ती म्हणाली, "माझा एक मुलगा गेला. मला आणखी काही घालवायचं नाही."

"मीच घालवतोय, असं म्हणायचंय तुला?"

"मी काहीच म्हणत नाही. गाईकडे जाऊन येते."

ती गेली. मार्सलीही उठली. बाबाने मान वर केली नाही. गोठा डावीकडे होता. मार्सली उजवीकडे वळली.

भट्टीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडावर श्वास सोडतंय. आधी तिने दक्षिणेच्या खिडक्या उघडायचा प्रयत्न केला. एक उघडली, बाकीच्यांच्या घट्ट कड्या तिच्या हाताने निघेनात. मग तिने बूट-मोजे काढले, दाताळं घेतलं आणि जवांतून ओढलं. मधल्या भागात ते कसंबसं सरकलं. त्याच्या मागे चर उमटला आणि वाफ वर आली. दक्षिणेच्या भिंतीशी मात्र ते अडकलं ते अडकलंच. तिथे घोंगडी धरायला लागली होती. मार्सली गुडघ्यांवर बसली, बोटं आत घातली आणि मुळं सोडवू लागली, केसांतला गुंता सोडवावा तशी. पांढरी, ओली, धाग्यासारखी मुळं. एक मूठ सुटली. तिने ती उधळून टाकली. मग दुसरी.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारातला उजेड कमी झाला. टॉर्किल उभा होता, काळ्या कोटात. बुटांची टोकं उंबरठ्याच्या बाहेर.

"मार्सली. बाहेर ये."

ती थांबली नाही.

"बाहेर ये म्हणतो ना? कुणाचा दिवस आहे आज, ठाऊक आहे ना?"

"बाबा, इथे खालचे अजून काळे पडलेले नाहीत. सुटताहेत."

"मी काय विचारतोय?"

मार्सलीने मान वर केली. तिच्या कोपरापर्यंत जवाची टरफलं चिकटली होती. "आयव्हर रविवारमुळे बुडाला का?"

टॉर्किलने उघड्या खिडकीकडे बघितलं.

"तसं असेल तर मलाही रविवार बुडवेल. सांग ना. बुडवेल का मला?"

"गप. असलं काही बोलू नकोस!"

"मग आयव्हरला का?"

तो दाराच्या चौकटीला टेकला. तिने त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. आताही तो रडला नाही, पण त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "रविवारमुळे नाही, तर मग कशामुळे? सांग तू. चांगला पोहणारा होता. समुद्र ओळखीचा होता. काहीतरी कारण असायला हवं ना, पोरी? नुसताच कसा जाईल? मग मी कुणावर रागवायचं?"

खोलीत फक्त जवांची ऊब होती आणि उघड्या खिडकीतून येणारी समुद्राची गाज. मार्सलीने विचार केला. पाद्रीबुवांनी शिकवलेली सगळी उत्तरं तिने मनातल्या मनात एकेक करून बघितली. या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं. तिच्यापाशीही नव्हतं, आणि खोटं सांगावंसं तिला वाटेना.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली.

बाप उंबरठ्यावर तसाच उभा राहिला, आत नाही आणि बाहेरही नाही. मार्सली पुन्हा खाली वाकली, गुडघ्यांवरच थोडी पुढे सरकली, जिथे जव सगळ्यांत गरम लागत होते तिथे तिने दोन्ही हात घातले, आणि पुढचा गुंता सोडवायला घेतला.